हिमोग्लोबिन १२.४, पण फेरिटिन ९

ब-२०३ : नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीत रविवारी झालेल्या शिबिरातील रक्ततपासणीचे अहवाल काल आले. माझे हिमोग्लोबिन १२.४ आहे, म्हणजे ठीक. मात्र फेरिटिन ९ असे ठळक छापून शेजारी खाली वळलेला बाण दाखवला आहे. जिना चढताना दम लागतो आणि कंगव्यात केसांचे पुंजके निघतात, हेही खरे आहे. हिमोग्लोबिन चांगले असताना लोह कमी कसे असू शकते? अ-१०१च्या काकूंनी इतकी वर्षे लॅब सांभाळली, म्हणून इथेच विचारते.

अ-१०१ : फेरिटिन हे शरीरात लोह साठवून ठेवणारे प्रथिन असून रक्तातील त्याच्या प्रमाणावरून साठ्याचा अंदाज बांधता येतो. कणगीतले धान्य तळाला गेले तरी काही दिवस ताटात भाकरी दिसतच राहते, तसेच हे आहे. आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरू लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीत १५ नॅनोग्रॅमच्या खालचे फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, असे जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि अनेक डॉक्टर ३०च्या खालीच सावध होतात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडच्या बायका नेमके तेवढेच सांगायचे टाळतात.

अ-५०४ : माझे फेरिटिन ६१० आले आहे. लोह फार झाले असे समजून मी पालक, खजूर आणि घरातली लोखंडी कढई तिन्ही बंद केली.

अ-१०१ : काका, महिन्याभरापूर्वी आपल्याला डेंग्यू झाला होता आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती, असे आपणच सांगितले होते. ताप, संसर्ग, यकृताचे विकार किंवा नियमित मद्यपान यांमुळे लोहसाठा वाढलेला नसतानाही फेरिटिन चढते. ताप पूर्ण ओसरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करा आणि सोबत सकाळी उपाशीपोटी ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती टक्के भरले आहे, तेही पाहा. ते ४५ टक्क्यांच्या वर आले, तर लोह खरोखर साचत आहे का, हा शोध घ्यावा लागतो.

क-३०३ : काकू, आईचे वय ७२ आहे, तिला आमवात आहे. हिमोग्लोबिन १०.१ आणि फेरिटिन ४८ आहे. अहवालात १३ ते १५० ही मर्यादा छापलेली असल्याने आम्ही निर्धास्त होतो.

अ-१०१ : मला सर्वांत जास्त काळजी याच अहवालाची वाटते. सांध्यांना सूज असताना फेरिटिन फुगलेले असते, त्यामुळे छापील मर्यादा अशा रुग्णाला जशीच्या तशी लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संसर्ग किंवा दाह असलेल्या प्रौढांत ७०च्या खालचे फेरिटिनही कमतरता सुचवते. म्हणून सीआरपी (शरीरात दाह आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन या दोन्ही तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दुसरे असे, की पाळी थांबून वीस-बावीस वर्षे झालेल्या बाईचे लोह कमी होत असेल, तर ते कोठून जात आहे हे शोधलेच पाहिजे. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन थोडे थोडे रक्त जात राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होतो का, हे आईंना आजच विचारा आणि तसे असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्या.

ब-४०१ : रोज बीटचा रस आणि गूळ-शेंगदाणे खावेत, महिन्यात फरक पडतो, असा एक संदेश आला आहे. पुढे पाठवू का?

अ-१०१ : कृपया नको. गूळ-शेंगदाणे अवश्य खा, पण फेरिटिन ९ असताना कणगी त्यावर भरत नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, तर ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, लिंबूपाणी चालते. गोळी एक दिवसाआड सांगितली, तर डॉक्टर विसरले असे समजू नका. एका मात्रेनंतर हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढून साधारण दिवसभर लोहाचे शोषण मंदावते, हे त्यामागचे कारण आहे. गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, म्हणून आईंना तो प्रश्न गोळी सुरू होण्यापूर्वीच विचारायचा.

क-३०३ : आत्ताच विचारले. पंधरा दिवसांपासून तसे होत आहे म्हणाली, पण सांगायला संकोच वाटला. लगेच निघतो आहोत.

अ-१०१ : सांधेदुखीच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि पोहोचल्यावर मला फोन करा.