मदत हवी आहे: स्क्रिप्ट वाचली की आवाज मरतो, सोडली की आकडे चुकतात

विज्ञानावरचा पॉडकास्ट एकटाच करतो. लिहिणं, बोलणं, एडिटिंग सगळं मीच. भाग साधारण २० मिनिटांचा. अडचण माइकची नाही, माझी आहे.

स्क्रिप्ट समोर असली की मी बातम्या वाचायला लागतो. परवा एडिट करताना ऐकलं, तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज त्याच जागी खाली पडत होता. स्क्रिप्ट बाजूला ठेवली की बोलणं रंगतं, पण मग घोळ होतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मी बिनधास्त '८ सेकंद' म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात प्रकाश जेमतेम २४ लाख किलोमीटर जाईल, आणि सूर्य १५ कोटींवर! एका श्रोत्याने चूक दाखवली तेव्हा कानशिलं तापली.

नुसते मुद्दे लिहून पाहिले, वाक्यं अर्धवट सुटतात. उभं राहून बोललो, थोडा फरक पडला. बहिणीला समोर बसवलं तो भाग सगळ्यात चांगला झाला, पण दर वेळी तिला कुठून आणू? चुकलेला शब्द नंतर रेकॉर्ड करून चिकटवला तर ठिगळ लगेच कळतं. (रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज परका का वाटतो हे माहीत आहे, त्याची सवय झालीय.)

सहनिवेदक सध्या शक्य नाही. जे एकटे बोलतात त्यांनी सांगा: रेकॉर्डिंगच्या वेळी तुमच्या समोरच्या कागदावर नेमकं काय लिहिलेलं असतं? पूर्ण वाक्यं, फक्त आकडे, की आणखी काही?