कर्दळीच्या पानांवरची भोकं

वर कुणीतरी कर्दळीच्या पानांवरची भोकं गोगलगायींची म्हटली आहेत. भोकं वेडीवाकडी असतील तर असेलही तसं, पण सरळ रांगेत असतील तर मला पटत नाही. आमच्या इंदूरच्या अंगणात दर पावसाळ्यात हे दिसतं. कोवळं पान सुरळीत असतानाच अळी ते आरपार कुरतडते. पान उलगडलं की त्या एकाच भोकाची रांग होते! म्हणून औषध फवारण्याआधी सुरळ्या हाताने उलगडून बघा. आत काळी विष्ठा आणि बहुधा अळीही सापडते.

आणि सगळे तुरे संपलेला दांडा जमिनीलगत कापाच, तो पुन्हा फुलत नाही. आईने लावलेले कंद आम्ही असेच जपलेत.