मदत हवी आहे: घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला जातं, गाडी थंड झाली की परत नीट

जांबोटीकर
मंडळी, आमची भाजीची पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. रात्री बेळगावात माल भरायचा आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत पहाटे म्हापसा गाठायचं, हा धंदा. गाडी धाकटा भाऊ चालवतो.

परवा चोर्ल्याचा उतार संपत आला होता, केरी यायच्या आधी पेडल एकदम मऊ पडलं आणि जवळजवळ तळाला टेकलं. भावानं भराभर पंप केलं तेव्हा कुठं थोडा ब्रेक लागला. गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांना जळका वास, जवळ हात नेववत नव्हता. बऱ्याच वेळानं पेडल आपोआप पहिल्यासारखं कडक झालं. पुढं म्हापशापर्यंत आणि रिकाम्या गाडीनं घरी येईपर्यंत काहीच नाही.

मेस्त्रींना दाखवली. पॅड भरपूर आहेत, लीक कुठं नाही. रस्त्यावर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ब्रेक झकास आहे, घेऊन जावा. झकास आहे ते मलाही दिसतंय, खरं घाटात तो जातो कुठं?

दुसरं म्हणजे, खरोखरच गेला तर करायचं काय? भाऊ म्हणतो इंजिन बंद करून गाडी गियरमध्ये ठेवायची. बाबा म्हणतात हँडब्रेक ओढायचा. घरात दोन पक्ष पडलेत. तोवर माल शेजाऱ्यांच्या गाडीतून पाठवतोय.

उद्यमबाग
ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? टॉप-अप नव्हे, पूर्ण काढून नवीन कधी भरलं?

तुम्ही सांगताय ती लक्षणं ऑइल उकळल्याची आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवीन डॉट ३ ग्रेडचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ २३० पर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच हमी अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. भरल्या गाडीनं ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर डिस्क याच्या कितीतरी वर तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातल्या, ऑइलपर्यंत जाते. ऑइलची वाफ झाली की पेडल वाफेलाच दाबत बसतं, पॅडपर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल आणि पेडल कडक. म्हणून मेस्त्रींना काही सापडलं नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या आणि थंड गाडीत हा दोष दिसतच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर दोन वर्षांच्या वर ऑइल ठेवूच नये.

खरं एवढ्यावर थांबू नका. पेडल कसं जातं त्यावर बरंच कळतं. पाय तसाच दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, रबर बघायचं. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्याला वर येत असेल तर मागच्या लायनरचं (ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्यांचं) ॲडजस्टमेंट ढिलं. पेडल कडक, पण गाडी थांबेना, तर पॅड-लायनर तापून पकड गेली असेल किंवा पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम गेला असेल.

तवंदीघाट
मी ट्रकवाला, निपाणी-संकेश्वर पट्ट्यातला. आमचे एअर ब्रेक वेगळे, त्यात मी पडत नाही. भावाला एकच विचारा, चोर्ला कुठल्या गियरमध्ये उतरतो? डिझेल वाचवायला न्यूट्रल मारत असेल तर ऑइल कुठलंही घाला, ते तापणारच.

जांबोटीकर
विचारलं. वर टॉपला, वळणं आली की थर्ड. न्यूट्रल नाही म्हणतो, 'क्वचित' असंही म्हणतो. ऑइल बदलल्याचं कुणालाच आठवत नाही. ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं, चहासारखं काळपट आहे.

तवंदीघाट
'क्वचित' म्हणजे रोज, हे मी पैजेवर सांगतो! ज्या गियरमध्ये भरली गाडी घाट चढेल त्याच गियरमध्ये ती उतरवायची. सेकंड-थर्डमध्ये इंजिन ओरडू दे, ते काही मोडत नाही. ब्रेक ठाम दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय काढायचा. हळू हळू घासत बसायचं नाही. तापलेल्या चाकावर पाणी ओतणारे महाभाग अनमोडला नेहमी दिसतात. त्यानं डिस्क-ड्रमला तडा जातो. कडेला थांबून वाऱ्यानंच थंड होऊ द्यायचं आणि चाकाला दगड लावायचा.

चंदगडची_मी
आम्ही आंबोलीनं ये-जा करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. तुमचे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत, दादा.

इंजिन बंद करायचं नाही. ते बंद झालं की बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकच होतं. गियर मात्र पाडायचा, एकेक करून. टॉपवरून थेट फर्स्ट पडत नाही, आणि त्या नादात गाडी न्यूट्रलला राहिली तर वेग अजून वाढतो. त्याच वेळी पाय पंप करत राहायचा, दाब थोडा तरी परत येतो. हँडब्रेक चालतो, कारण त्याची केबल ऑइलवर अवलंबून नाही. पण बटण दाबून धरायचं आणि थोडा थोडा ओढायचा. एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरते. मागची चाकं घसरतायत वाटलं की सोडायचा, परत ओढायचा. हॉर्न आणि चारी इंडिकेटर चालू.

एवढं करूनही थांबेना तर दरीकडे न बघता डोंगराच्या बाजूचं गटार, मातीचा ढीग, झुडपं, जे असेल तिथं गाडी तिरकी घासत न्यायची. समोरासमोर धडकवायची नाही. मडगार्ड गेलं तर गेलं. मग ११२.

आणि एक. पेडल दबतच नसेल तर आधी खाली बघायला सांगा. पाण्याची बाटली घरंगळत पेडलखाली अडकल्याचा प्रकार आमच्या घरी झालाय. मोकळं मॅटही तसंच सरकतं.

जांबोटीकर
ताई, हे सगळं भावाला वाचून दाखवलं. गियरवर गप्प बसला, बाटलीवर हसला. केबिनमध्ये पायाशी दोन निघाल्या.

उद्या ऑइल बदलायला नेतोय. आणखी काय बघायला सांगू?

उद्यमबाग
डबीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घाला, सीलबंद बाटलीतला. अर्धी उघडून ठेवलेली नको, तिनंही ओलावा ओढलेला असतो. चारी चाकांच्या ब्रेक लायनीतली हवा काढायला सांगा आणि समोर उभं राहा, कारण दोन चाकांवर भागवणारे असतात. जुनं काळं ऑइल कॅलिपरमध्ये राहिलं तर काम फुकट.

मागचे ड्रम उघडायलाच लावा. पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही म्हणतात. लोड वाढला की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तो जाम झाला किंवा पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवताना कुणी त्याची दांडी चुकीची बसवली, तर भरल्या गाडीतही मागची चाकं काम करत नाहीत आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. तुम्ही जळका वास पुढूनच आला म्हणालात, म्हणून मला त्याचा संशय आहे. मागचे लायनर अगदी कोरे निघाले तर खूश होऊ नका.

जांबोटीकर
पाटे वाढवलेत. मागच्या दिवाळीला.

उद्यमबाग
मग आधी दांडी बघा, ऑइल त्याच्यानंतर. व्हॉल्व्ह बदलावा लागला तर हवा परत काढावी लागते, दोनदा खर्च कशाला. आणि पहिली फेरी अर्ध्या लोडनं, दिवसा करा. कणकुंबीला थांबून चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, घाट उतरल्यावर केरीला परत. मागची कोमट आणि पुढची भट्टी असेल तर इथंच लिहा.