‘मॅन सीकिंग वुमन’: तिसऱ्या सीझनने वाट लावली का?

आडवातिडवा
न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतली एफएक्सएक्स वाहिनी, जानेवारी २०१५ ते मार्च २०१७, तीन सीझन, ३० भाग. सायमन रिचने स्वतःच्याच कथांवरून रचलेली मालिका. शिकागोतला जॉश ग्रीनबर्ग (जे बरुशेल) टेम्प (तात्पुरता कर्मचारी) म्हणून काम करतो, नुकताच प्रेमभंग झालाय. मनाला जे वाटतं ते इथे खरोखर घडतं. मॅगी सोडून जाते तेव्हा पाऊस फक्त याच्याच डोक्यावर पडतो. बहीण लिझ डेट ठरवून देते, ती मुलगी अक्षरशः ट्रोल (लोककथेतला राक्षस) निघते.

माझं म्हणणं: तिसऱ्या सीझनमध्ये लूसी (केटी फिंडले) आली, जोडी जमली आणि मालिकेतली हवाच गेली. या विनोदाचं इंधन म्हणजे नकाराची भीती. मुलगी मिळाल्यावर भीती कसली? मग उरतो तो नेहमीचा नवरा-बायको सिटकॉम, वरून थोडी राक्षसांची फोडणी.

पोटमाळा
साफ असहमत. इंधन दुसऱ्या सीझनमध्येच संपत आलं होतं. नवी मुलगी, नवा नकार, नवा राक्षस. रोझा नावाच्या मुलीच्या मागे लागलेल्या जॉशसमोर प्रतिस्पर्धी म्हणून थेट येशू ख्रिस्त (फ्रेड आर्मिसन) उभा केला. याच्या वर कुठे जाणार? लूसीमुळे भीती दोन डोक्यांत वाटली गेली आणि तोच प्रसंग तिच्या बाजूनेही दिसू लागला. हे बीज आधीच पेरलेलं होतं. पहिल्या सीझनमध्ये एक अख्खा भाग लिझच्या नजरेतून आहे. दुसऱ्यातल्या ‘टिन्सल’मध्ये लिझचं लफडं होतं ते सांताक्लॉजशी. विवाहित पुरुषाच्या नादी लागलेल्या बाईची फरफट, आणि नवरोबाची बायको उत्तर ध्रुवावर! लाल डगला आणि पांढरी दाढी काढली तर तो प्रसंग कुठल्याही गंभीर नाटकात खपेल.

लिंबूसोडा
हिटलरबद्दल कोणीच बोलत नाही? पहिल्याच भागात मॅगीचा नवा मित्र म्हणून म्हातारा हिटलर (बिल हेडर). मला तो स्वस्त धक्का वाटला. एका ओळीचा विनोद, ताणलाय पार्टीभर.

फुटकीबरणी
ताणला म्हणूनच चालला, लिंबूसोडा. विनोद हिटलरचा नाहीच. पार्टीतले सगळे त्याच्याशी गोड वागतात आणि भडकलेला जॉशच पोरकट ठरतो, गंमत तिथे आहे. ‘एक्सच्या नव्या मित्राबद्दल तुझं मत कोणी विचारत नाही’ हे यापेक्षा नेमकं कसं दाखवणार?

आता मूळ मुद्दा. या लेखनाचा साचा, म्हणजे बोलण्यातली गोष्ट शब्दशः घडवणं, मराठीत सहज कळतो, कारण आपले वाक्प्रचार आयते पडलेत. ‘मूग गिळून बसणे’ घ्या. मीटिंगमध्ये साहेब तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवतो. शिपाई प्रत्येकापुढे वाटीभर मूग ठेवतो, जुने लोक सराईतपणे गिळतात, एकजण विचारतो, “मोडाचे नाहीत का?” ही पहिली पायरी. दुसरी: एचआरचा तक्ता. नव्याला पन्नास ग्रॅम, बढती हवी असेल तर अर्धा किलो. तिसरी पायरी घरी. आई कोपऱ्यातलं पोतं दाखवते, “तुझे बाबा तीस वर्षं गिळतायत, काही बिघडलं?” शेवटी आवडती मुलगी समोर येते, हा तोंड उघडतो आणि मूग सांडतात. बस्स, इथे कापायचं.

फसतं कुठे? एकही पात्र “अरे, मूग का देताय?” म्हणालं की खेळ संपला, चकित व्हायची परवानगी फक्त नायकाला. त्याच प्रसंगात कोणाच्या डोळ्यांत खरी धूळ फेकलीत तर प्रेक्षकाला कळत नाही की आज नियम कुठला. आणि प्रकाशयोजना विनोदी केलीत तर तो स्किट होतो. ही मालिका साध्या नाटकासारखी चित्रित केलीय, म्हणून ट्रोल टेबलावर बसलेला खरा वाटतो.

आडवातिडवा
मूग आवडले. पण तुमच्याच उदाहरणात नायकाचं काहीतरी पणाला लागलंय. पहिल्या सीझनमधला मेसेजचा प्रसंग आठवा. मुलीला पहिला मेसेज काय पाठवायचा यासाठी लष्करी वॉररूम भरते. पणाला काय, तर एक मेसेज, पण त्याच्यासाठी ते युद्धच. लूसी घरात आल्यावर इतकं टोकदार मला क्वचितच दिसलं. क्वचित म्हणतोय, कधीच नाही असं नाही.

पोटमाळा
घरात पणाला काही नसतं असं कोणी सांगितलं? दोन्हीकडचे आईवडील, कोणाचं सामान राहणार, कोणाचे मित्र सुटणार. जॉशची आई पॅटी (रॉबिन ड्यूक) आणि सावत्र बाप टॉम (मार्क मॅकिनी) ही दोघं स्केच-कॉमेडीत मुरलेली माणसं. कितीही अचाट प्रसंग असो, ती भाजी निवडताना बोलावं तशी बोलतात. त्यांना खरं काम जोडी जमल्यावरच मिळणार होतं.

लिंबूसोडा
फुटकीबरणी, हिटलरचं अर्धं पटलं. पार्टी दोन मिनिटं कमी हवी होती, यावर ठाम.

फुटकीबरणी
मंजूर. आडवातिडवा, ‘टिन्सल’ परत पाहा, मग लूसीवर बोलू. तोवर मूग भिजत घालतो.