हेल्मेटचा दंड राज्यांनी कमी करावा का?

मुक्ता: 'वाढीव दंड ही लूट आहे, राज्यांनी तो कमी केला हेच शहाणपण' असं काल इथे कोणीतरी लिहिलं. वाचून डोकं तापलं. 1 सप्टेंबर 2019 पासून बिनहेल्मेटचा दंड 100 वरून 1000 रुपये झाला आणि त्याच महिन्यात गुजरातने तो 500 वर आणला. कायदा संसदेचा, सूट राज्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम 200, म्हणजे राज्याने ठरवलेली रक्कम भरून गुन्हा मिटवायची सोय, ही सरळ पळवाट आहे. राज्याची हद्द ओलांडली म्हणून डोकं कमी फुटतं का? माझा भाऊ 'इथेच तर जायचंय' म्हणून बिनहेल्मेट निघाला. आज त्याला स्वतःचं नाव लिहायला वेळ लागतो.

दिगंबर: भावाचं वाचून वाईट वाटलं. पण कलम 200 पळवाट नाही, 1988 च्या मूळ कायद्यातली तरतूद आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याने 1000 कुठून आणायचे? सदोष रस्त्यासाठी कंत्राटदाराला 198अ खाली एक लाखापर्यंत दंड आहे. आधी त्यांच्या पावत्या फाडा.

शरयू: दंडाचं सोडा, पासिंगचं बोला! बदली होऊन आले, गाडी परराज्यातली. कलम 47 प्रमाणे 12 महिने तोच नंबर चालवायची मुभा आहे, तरी तिसऱ्या महिन्यातच नाक्यानाक्यावर अडवायला लागले. शेवटी एनओसी (ना हरकत दाखला) आणून इथला रोड टॅक्स भरला. तिकडचा परतावा अजून नाही, चार खेपा झाल्या.

विनायक: बीएच नंबर घ्यायचा होता, म्हणजे 'भारत' सीरिजचा, राज्य बदललं तरी तोच चालतो. 2021 पासून मिळतो.

शरयू: कोणाला मिळतो? सरकारी नोकरांना, नाहीतर चार राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपनीतल्यांना. आमची कंपनी दोन खोल्यांची. माहिती नसेल तर सल्ले देऊ नका.

विनायक: चिडू नका, खासगीवाल्यांची अट माझ्या लक्षात नव्हती. पण टॅक्स राज्याचा, तो राज्य सोडेल कसा?

शरयू: मग एकाच गाडीवर दोनदा का घेता?

मुक्ता: दिगंबरकाका, बघा, राज्यागणिक वेगळे नियम म्हणजे हे असं होतं.

दिगंबर: टॅक्सचं आणि दंडाचं एकत्र करू नकोस. हेल्मेटपुरतं एवढंच मानतो की 500 असो वा 1000, 194ड मध्ये तीन महिने परवाना रद्द ठेवायची तरतूद आहेच. ती राबवा. गरीब-श्रीमंत दोघांनाही सारखीच बोचेल.

मुक्ता: चालेल. पण मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, तेही बघा. भाऊ मागेच बसला होता.