हीटिंग ऑइल म्हणजे नक्की कोणतं?

घर गरम करणाऱ्या बॉयलरमधलं हे तेल डिझेल इंजिनात चालतं का, यावर या चर्चेत "हीटिंग ऑइल आणि डिझेल एकच, फरक फक्त लाल रंगाचा" असं विधान आलं. ते अमेरिकेपुरतं बरंचसं खरं आहे. तिथलं नंबर दोन हीटिंग ऑइल डिझेलच्याच जातीचं. पण ब्रिटनमध्ये घरच्या बॉयलरला बहुतेक ठिकाणी केरोसिन लागतं, म्हणजे सरळ रॉकेल! ते पातळ असतं, वंगण कमी. डिझेल इंजिनात दाबाने इंधन सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाला वेगळं ऑइल नसतं (काही जुने पंप सोडले तर), इंधनच त्याचं वंगण. रॉकेलवर इंजिन सुरू होईलही, पण पंप आतून घासत राहतो आणि ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे "माझं तर चाललं" म्हणणाऱ्यांनी आधी कोणत्या देशातलं तेल ते सांगावं.

दुसरं, सिटेनबद्दल (इंधन दाबाखाली किती सहज पेटतं याचा आकडा) इथे कुणीच बोललं नाही. बर्नरमध्ये ज्योत सतत जळत असते, तेल दाबाखाली आपोआप किती लवकर पेटतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून अमेरिकेच्या हीटिंग ऑइलच्या मानकात सिटेनची अटच नाही. डिझेलला मात्र किमान 40 लागतो. जुनं दणकट इंजिन थोडं खडखडेल आणि चालेल. कॉमन रेल (फार जास्त दाबाने इंधन सोडणारी आधुनिक, नाजूक यंत्रणा) असेल तर मी तरी हात लावणार नाही.

आणि हे तेल घालून गाडी रस्त्यावर नेणार असाल तर तो लाल रंग कर चुकवणारे पकडण्यासाठीच आहे. अमेरिकेत पहिल्यांदा सापडलात तर दंड 1000 डॉलर किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यातला जो जास्त तो.