महासभा कायम ऑनलाइनच घ्या म्हणे! (मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

प्रेक्षकसज्जा

काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. सारांश असा: करोनात महापालिकांच्या सभा ऑनलाइन झाल्या तेव्हा ना राजदंड पळवला गेला, ना माइक तुटले, ना नाश्त्याची बिलं निघाली. मग पुढच्या साथीची वाट कशाला बघायची, महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, कायम ऑनलाइनच घ्या. खाली शेकड्याने अंगठे.

ही शिस्त आली कुठून ते तरी बघा. सभागृहात माइक बंद केला तरी सदस्य उभा राहून ओरडतो, हौद्यात (पीठासनासमोरच्या मोकळ्या जागेत) उतरतो, पत्रकार ऐकतात, इतिवृत्तात निदान 'गोंधळ' एवढं तरी लागतं. ऑनलाइनमध्ये यजमानाने (ॲपवर सभा चालवणाऱ्याने) सगळ्यांना म्यूट केलं आणि 'सदस्यांना स्वतः अनम्यूट करू द्या' या खुणेवरची टिक काढली की विषय संपला. विषयपत्रिकेवरचा विषय वाचायचा, दोन गटनेत्यांचे माइक उघडायचे, 'मंजूर', पुढचा विषय. बाकीचे पडद्यावर ओठ हलवताना दिसतात. त्याला शिस्त म्हणत असाल तर म्हणा.

उपसूचनेचं, म्हणजे प्रस्तावात बदल सुचवणाऱ्या सूचनेचं घ्या. सभागृहात ती कागदावर येते, सूचक-अनुमोदकाच्या सह्या असतात, पीठासनाकडे जाताना चार जण बघतात. ऑनलाइनमध्ये चॅट बंद. म्हणजे उपसूचना आली कधी, कोणी दिली, वाचली का, हे फक्त सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या नगरसचिव कार्यालयाला ठाऊक. विषयपत्रिकेत नसलेल्या, आयत्या वेळच्या विषयांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि माझा मूळ मुद्दा: पालिकेची सभा जनतेला खुली असते. म्हणून तर प्रेक्षकांसाठी सज्जा असतो. तो बंद केलात, हरकत नाही, साथ होती. पण लिंक फक्त सदस्यांना दिली तर सभा खुली राहिली कुठे?

फाइलवाला

तुमचा राग ऑपरेटरवर आहे आणि काढताय तंत्रावर. नगरविकास खात्याचं जुलै 2020 चं परिपत्रक आलं तेव्हा पर्याय काय होता? मुंबईचे निवडून आलेले 227 सदस्य त्या जुन्या सभागृहात मधली एकेक खुर्ची सोडून बसवून दाखवा.

नीट घ्यायची तर रीत अशी. नाव बदलायला लावायचं, 'प्रभाग 7 क' आणि पुढे आडनाव. 'सॅमसंग ए 50' नावाचा सदस्य कोरममध्ये (गणपूर्तीत) धरता येत नाही. प्रतीक्षा कक्ष चालू ठेवायचा आणि यादी बघून एकेकाला आत घ्यायचं. एकच माणूस फोन आणि लॅपटॉप दोन्हीवरून येतो आणि हजेरी दोन दिसते, तेव्हा लॉगवरून (ॲपमधल्या हजेरीच्या नोंदीवरून) कोरम मोजायचाच नाही. नाव पुकारायचं, कॅमेरा चालू, चेहरा दिसला की 'हजर'. मतदानाआधी पुन्हा तेच, कारण अर्ध्या तासात चार जण नेटवर्कबाहेर गेलेले असतात. हात वर करून मोजणी चालत नाही, एका पडद्यावर सगळ्या चौकटी मावतच नाहीत. नाव पुकारूनच पोल घ्यायचा. 78 सदस्य, प्रत्येकी 15 सेकंद धरले तर वीस मिनिटं. वेळ जातो, पण प्रत्येकाचं मत आवाजासह नोंदलं जातं. तुमच्या लाडक्या सभागृहात 'मंजूर मंजूर'च्या ओरड्यात कोणी काय म्हटलं ते कळतं का?

उपसूचना ठरलेल्या ईमेलवर, विषय पुकारण्याआधी, सूचक आणि अनुमोदक दोघांच्याही पत्त्यांवरून. ईमेलला वेळ छापलेली असते, तुमच्या कागदाला नसते.

नागरिकांसाठी यूट्यूबवर वेगळं थेट प्रक्षेपण. सदस्यांची लिंक नागरिकांना कधीच द्यायची नाही, पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी गाणी लावतो. मात्र एक बजावून सांगायचं: सदस्याने शेजारी यूट्यूब उघडून ठेवायचं नाही. ते वीस-तीस सेकंद मागे असतं, त्याचा आवाज माइकमध्ये शिरला की सभेला आपलंच मागचं वाक्य पुन्हा ऐकू येतं आणि सगळे एकमेकांना 'म्यूट करा, म्यूट करा' सांगत बसतात.

तहकूब

वा, फाइलवाले, तुमची रीत ऐकून डोळे भरून आले. आता फेब्रुवारी-मार्च 2021 आठवा. 23 फेब्रुवारीला सांगली-मिरज-कुपवाडचं महापौरपद: बहुमत भाजपचं, निकाल राष्ट्रवादीच्या बाजूने 39 विरुद्ध 36. 18 मार्चला जळगाव: 75 च्या सभागृहात भाजपचे 57, शिवसेनेचे 15, एमआयएमचे 3, आणि महापौर शिवसेनेचा 45 विरुद्ध 30 ने. दोन्ही निवडणुका ऑनलाइन. जळगावचे फुटलेले सदस्य ठाण्याला मुक्कामी होते आणि तिथूनच मत दिलं.

प्रत्यक्ष सभा असती तर त्यांना जळगावात यावं लागलं असतं, पक्षाच्या लोकांसमोरून सभागृहात शिरावं लागलं असतं. हॉटेलच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे कोण उभा आहे हे पीठासीन अधिकाऱ्याला दिसतं का? 'कॅमेरा चालू, चेहरा दिसला' यात स्वेच्छा दिसते का?

फाइलवाला

म्हणजे ऑनलाइनच्या आधी फुटाफूट होतच नव्हती! सहलीला बस निघायच्या, गोव्यातून थेट सभागृहाच्या दारात उतरवायच्या, मत झालं की पुन्हा बसमध्ये. दारातून आत जाताना स्वेच्छा अंगावर छापलेली असायची वाटतं.

जळगावचं गणित तरी नीट मांडा. 57 मधले 27 गेले. पक्षांतरबंदीत वाचायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे 38. ते पुरे नव्हतेच. सभा पडद्यावर असो की टाऊन हॉलमध्ये, स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम 1986 चाच आहे, अर्ज विभागीय आयुक्तांकडेच जातो. ऑनलाइनमुळे कोणाची अपात्रता टळत नाही.

तहकूब

अपात्रतेचा अर्ज निकाली निघेपर्यंत महापौराची मुदत संपायला येते हे तुम्हालाही माहीत आहे. प्रश्न पक्षादेश (व्हिप) बजावण्याचा आहे. प्रत्यक्ष सभेत व्हिप सभागृहाच्या दारातही हातात देता येतो, साक्षीदार असतात. सदस्य दुसऱ्या जिल्ह्यात आणि फोन बंद. घरच्या दाराला चिकटवा, पंचनामा करा, व्हॉट्सअॅपवर टाका, निळी खूण येत नाही. पुढे सुनावणीत पहिला बचाव तोच: मला पक्षादेश मिळालाच नाही.

फाइलवाला

तर मग त्यावर साधा उपाय आहे. ऑनलाइन हजर राहायचं ते शहरातल्या प्रभाग कार्यालयातूनच. चार-पाच कार्यालयं, प्रत्येकात पंधरा-वीस सदस्य, पालिकेचा एक अधिकारी दारात हजेरी घेणार, खोलीत दुसरं कोणी नाही. हॉटेल बंद, गाडीतून हजेरी बंद. शेजारी बसून उत्तरं पुरवणारे नगरसेविकांचे पतिराजही बंद. यातला शेवटचा फायदा तुमच्या प्रत्यक्ष सभेत आपोआप मिळतो, हे कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल.

तहकूब

लागेल. पण ही अट जुलै 2020 च्या आदेशाबरोबरच अंमलात का आली नाही, तेही सांगा. की ज्यांना फुटायचं होतं त्यांची सोय आधी बघितली?

फाइलवाला

आरोप करायचा तर पुरावा आणा. नाहीतर बोलू नका, ही चावडी नाही.

उपविधी

हाऊसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सभा ऑनलाइन झाल्या तेव्हाही नेमकं हेच झालं. सचिव म्यूट करतो, थकबाकीदार ओरडतो. त्यात पार्किंगचा विषय…

प्रेक्षकसज्जा

पार्किंगसाठी कृपया वेगळा धागा काढा.

शिवारातून

तुम्ही सगळे महापालिकेच्या महासभेत अडकलात. तिथे नागरिक बोलतच नाही, फक्त सज्जात बसतो. ज्या एकमेव सभेत मतदार स्वतः उठून बोलतो ती ग्रामसभा, आणि 2020 मध्ये ती सरसकट स्थगित केली. ऑनलाइन नाही, ऑफलाइन नाही, काहीच नाही. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक. त्याच अवधीत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे आराखडे, घरकुलाच्या याद्या, रोजगार हमीचं लेबर बजेट (वर्षभराच्या कामांचा-मजुरीचा अंदाज), सगळं पुढे सरकत होतं. कोणासमोर वाचलं? जानेवारी 2021 मध्ये 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका घेता आल्या, मतदानाला रांगा लावता आल्या. शंभर माणसं मोकळ्या जागेत बसवता येत नव्हती?

फाइलवाला

ग्रामसभाही ऑनलाइन घेता आली असती, एवढंच म्हणेन.

शिवारातून

घेऊन दाखवा. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. दोन हजार मतदारांच्या गावात 100. फुकटच्या झूमवर यजमान धरून शंभरच जण मावतात, वर चाळीस मिनिटांत सभा आपोआप बंद. सरपंच आणि ग्रामसेवक आत आले की दोन ग्रामस्थ बाहेर! पैसे भरून मोठं खातं घेतलंत तरी फोन कोणाकडे? घरात एक स्मार्टफोन, आणि 2020 मध्ये दिवसभर त्यावर पोरांची शाळा चालू. संध्याकाळी तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात. बायका पडद्यावर येणार कधी? हजेरी नोंदवहीत सही-अंगठा लागतो, तो पडद्यातून कसा उमटवणार? आणि कोरम नाही झाला की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे रेंज नसलेल्या गावात दुसऱ्या खेपेला सरपंच, ग्रामसेवक आणि एक ठेकेदार तिघांत वर्षाचा आराखडा मंजूर. कायदेशीर!

वनहक्काच्या ठरावाला तर ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका. मेळघाटात, गडचिरोलीत टॉवर शोधत डोंगरावर चढणारं अर्धं गाव तुम्ही कोणत्या पडद्यावर मोजणार?

उघड्यावरचं गणित सोपं आहे. माणशी दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे चार चौरस मीटर. शंभर माणसांना चारशे. कबड्डीचं मैदान 13 बाय 10, म्हणजे तीन मैदानांएवढी जागा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात चुन्याने चौकोन आखायचे, लाऊडस्पीकर देवळातला, माइक फिरवायचा नाही. जो बोलेल त्याने उठून एका ठिकाणच्या उभ्या माइकपाशी यायचं. दवंडी आधीच पिटलेली असते. खर्च चुन्याच्या पिशवीचा.

तहकूब

शहरातही जमतं. नागपूरने जून 2020 मध्ये सुरेश भट सभागृहात प्रत्यक्ष महासभा घेतलीच. तेव्हाचे पालिका आयुक्त तुकाराम मुंढे उठून गेले, ते काही विषाणूला घाबरून नाही.

फाइलवाला

नागपूरकडे एवढं मोठं नाट्यगृह होतं, दर नगरपंचायतीकडे नसतं. ग्रामसभेपुरतं मात्र शिवारातून यांचं बरोबर. चुना जिंकला. शहरासाठी मी मिश्र पद्धतीवरच ठाम आहे: पीठासन, आयुक्त, गटनेते सभागृहात, बाकीचे प्रभाग कार्यालयात. फक्त त्यात एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे चुकते ती सांगतो. सभागृहाच्या स्पीकरमधून बाहेरच्या सदस्याचा आवाज येतो, तो लॅपटॉपचा माइक पुन्हा पकडतो आणि त्या सदस्याला स्वतःचाच प्रतिध्वनी पाठवतो. तो गोंधळून थांबतो, आणि 'सदस्य बोलत नाहीत' म्हणून पुढचा विषय पुकारला जातो. लॅपटॉपचा माइक बंदच ठेवायचा. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (निवडक आवाज वेगळा बाहेर काढायच्या वाटेने) लॅपटॉपला फक्त सभागृहातल्या माइकांचा आवाज द्यायचा, आणि लॅपटॉपचं चॅनल मिक्सरवर येतं त्याची ऑक्सची कळ शून्यावर. सभेआधी अर्धा तास प्रत्येक प्रभाग कार्यालयाशी बोलून बघायचं. जिथे नेट दुबळं तिथे चित्र बंद करून आवाज चालू ठेवायचा, आवाजाला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. मतदानापुरता कॅमेरा.

प्रेक्षकसज्जा

तांत्रिक बाजूला माझा विरोध नव्हताच. पण ही तुमची सगळी रीत परिपत्रकाच्या भरवशावर आहे. इंग्लंडात बघा: 2020 च्या आणीबाणीच्या कायद्याखाली कौन्सिलांना (तिथल्या स्थानिक संस्थांना) दूरस्थ सभेची परवानगी मिळाली, ती मे 2021 च्या पहिल्या आठवड्यापर्यंतचीच. मुदत संपायच्या आधी हर्टफर्डशायर कौन्सिल आणि दोन संघटना कोर्टात गेल्या, तर कोर्टाने सांगितलं की 1972 च्या स्थानिक शासन कायद्यातली हजेरी म्हणजे प्रत्यक्ष हजेरी, बदल हवा तर संसदेकडे जा. त्याच सभांमधली हँडफोर्थ पॅरिशची (सगळ्यात खालच्या पातळीवरच्या कौन्सिलची) एक जगभर गाजली, अध्यक्षालाच सभेबाहेर काढलं होतं. अधिकार कोणाचा हे आधी कायद्यात लिहिलं नाही की यजमानाचं बटण ज्याच्या हातात तोच अध्यक्ष. आपल्याकडे ते बटण कोणाच्या हातात असावं हे कुठल्या नियमात आहे? महापौर? नगरसचिव? की संगणक विभागाचा कंत्राटी मुलगा?

फाइलवाला

नगरसचिव, महापौरांच्या आदेशाने. आणि प्रत्येक म्यूट करण्याची नोंद इतिवृत्तात: वेळ, सदस्य, कारण. हे नियमात यायला हवं, इतपत तुमच्याशी सहमत. 'कायम ऑनलाइन' म्हणणाऱ्या पोस्टशी मी कधीच सहमत नव्हतो, तुम्हीच मला त्या बाजूला ढकललंत.

तहकूब

नाहीतरी 2022 पासून काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासकच होते. स्थायी समितीही तेच, महासभाही तेच, सूचक-अनुमोदकही तेच. त्याइतकी शिस्तशीर सभा जगात कुठे झाली नसेल. अंगठेवाल्यांनी तिकडेही अंगठे द्यायला हवे होते.

शिवारातून

ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी एक करा. 2020-21 च्या ऑनलाइन सभांचं रेकॉर्डिंग माहिती अधिकारात मागा. 'सभेचे इतिवृत्त' मागू नका, ते मंजूर होऊन कायम झालेलं, टाइप केलेलं इतिवृत्त देतात. दृकश्राव्य मूळ फाइल, चॅटची नोंद आणि हजेरीचा लॉग, तिन्ही वेगवेगळं लिहा, सभेची तारीख आणि वेळ घालून. रेकॉर्डिंग ऑपरेटरच्या लॅपटॉपवर साठवलं असेल तर 'उपलब्ध नाही' असं उत्तर येईल. मग विचारा की ते नष्ट कोणाच्या आदेशाने केलं आणि अभिलेख नाशनाच्या नोंदवहीत त्याची नोंद कुठल्या पानावर आहे.